वाचकांचे प्रश्न : करावरचं व्याज आणि दंड माफ होतो का?

प्राप्तिकर, जीएसटी आणि घरपट्टीवरच्या व्याज-दंडाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट ‘माफीसाठी अर्ज कुठे करायचा?’ असा आहे. पण त्याआधी नोटिशीतली रक्कम कोणत्या कलमाखाली लावली आहे ते बघा. व्याज, दंड आणि विलंब शुल्क या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या अटी वेगळ्या आणि माफीचा अधिकार असलेला अधिकारीही वेगळा. दुसरं म्हणजे, आलेल्या पत्रांपैकी काहींत माफी मागण्याचं कारणच नाही, कारण आकारणीच चुकली आहे. तिथे विनवणीचा अर्ज करून स्वतःची बाजू दुबळी करू नये, दुरुस्ती मागावी.

प्राप्तिकराची उत्तरं १९६१ च्या कायद्यातल्या कलमांनुसार दिली आहेत. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्या कलमांनीच चालतात.

प्रश्न : माझं सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे. करनिर्धारणानंतर ४,८०,००० रुपयांची मागणी नोटीस १० जानेवारी २०२३ ला मिळाली. फेब्रुवारीत माझं डायलिसिस सुरू झालं, पुढे किडनी प्रत्यारोपण झालं. दुकान जानेवारी २०२४ अखेरपर्यंत बंद होतं. मूळ रक्कम मी २० नोव्हेंबर २०२४ ला एकदम भरली. आता कलम २२०(२) खाली १,०५,६०० रुपये व्याज मागितलं आहे. ते माफ होईल का?

आधी आकडा तपासू. मागणी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरायची असते. तुमचे ३० दिवस ९ फेब्रुवारी २०२३ ला संपले. १० फेब्रुवारीपासून २० नोव्हेंबर २०२४ पर्यंत २१ महिने पूर्ण आणि वर काही दिवस होतात. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणून २२ महिने. दरमहा १ टक्का म्हणजे २२ टक्के, ४,८०,००० वर १,०५,६०० रुपये. हिशेब बरोबर आहे, तेव्हा तुमच्यापुढे माफीचाच मार्ग उरतो आणि त्यासाठी कलम २२०(२ए) आहे.

या कलमाखाली तीन अटी आहेत आणि तिन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. व्याज भरल्याने खरीखुरी अडचण झाली आहे किंवा होईल, ही पहिली. कर वेळेत न भरण्याचं कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं, ही दुसरी. चौकशीत आणि वसुलीत तुम्ही विभागाला सहकार्य केलं, ही तिसरी. बहुतेक अर्ज पहिल्या अटीवर पानं भरतात, दुसरीवर दोन ओळी लिहितात आणि तिसरी विसरूनच जातात. ते नामंजूर होतात ते याच दुर्लक्षामुळे.

हाताबाहेरचं कारण दाखवताना आजाराचं नाव सांगून भागत नाही. तारखा जुळाव्या लागतात. एका कागदावर दोन रकाने करा. डाव्या रकान्यात कराच्या तारखा: नोटीस मिळाली, ३० दिवस संपले, भरणा केला. उजव्या रकान्यात तुमच्या: पहिलं डायलिसिस, रुग्णालयात दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख, शस्त्रक्रिया, दुकान पुन्हा उघडलं तो दिवस. प्रत्येक तारखेसमोर पुराव्याचा क्रमांक टाका. दुकान बंद होतं हे विजेच्या बिलांतून आणि त्या महिन्यांच्या शून्य जीएसटी विवरणपत्रांतून चांगलं सिद्ध होतं. (कारण महापुराचं असेल तर तलाठ्याचा पंचनामा हवा. वर्तमानपत्रातली कात्रणं त्याची जागा घेत नाहीत.)

आता तुमच्या प्रकरणातली कमकुवत जागा. फेब्रुवारी २०२४ पासून दुकान सुरू आहे, भरणा मात्र नोव्हेंबरात झाला. हे दहा महिने अधिकारी नक्की विचारणार. शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांचा खर्च, उसनवारीची फेड, बँकेतली शिल्लक असं जे खरं असेल ते मांडा, पण सगळा भार त्यावर टाकू नका. कायद्यात ‘माफी’ आणि ‘कपात’ दोन्हींची तरतूद आहे. म्हणून अर्जात दोन मागण्या करा: मुख्य मागणी पूर्ण १,०५,६०० रुपयांच्या माफीची, ती मान्य नसेल तर पर्यायी मागणी फेब्रुवारी २०२३ ते जानेवारी २०२४ या १२ महिन्यांच्या ५७,६०० रुपयांच्या माफीची. पर्यायी मागणी लिहिलीच नसेल तर एकाच कमकुवत महिन्यापायी पूर्ण अर्ज फेटाळला जाण्याचा धोका असतो.

अडचणीच्या अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा बी. एम. मलानी प्रकरणातला २००८ चा निकाल उपयोगी आहे. मोठी मालमत्ता आहे, ती विकून व्याज भरता येईल, एवढ्यावरून त्या माणसाला अडचण असूच शकत नाही असं म्हणता येत नाही, हे त्यात स्पष्ट झालं. त्याच निकालात हेही आहे की स्वतःच्या चुकीचा फायदा कोणाला घेता येत नाही. म्हणजे दुकानाची जागा तुमच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. पण ती लपवूही नका. तीन वर्षांची बँक खात्यांची विवरणं, कर्जाचे हप्ते, औषधांची बिलं आणि मालमत्तेची खरी यादी जोडा.

अर्ज कुठे द्यायचा? बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे नाही आणि पोर्टलवरच्या तक्रार विभागातही नाही. तुमच्या करनिर्धारण अधिकाऱ्यावरचे प्रधान आयुक्त किंवा आयुक्त यांच्याकडे द्यायचा. प्राप्तिकर मंडळाच्या ४ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ५० लाखांपर्यंतचं व्याज त्यांच्या अधिकारात येतं. त्यापुढे दीड कोटीपर्यंत मुख्य आयुक्त आणि त्याहून जास्त असेल तर प्रधान मुख्य आयुक्त. तुमचा अधिकारी कोण हे ई-फायलिंग पोर्टलवर ‘नो युवर एओ’ मध्ये पॅन टाकून कळतं. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा, मराठी कागदांचं भाषांतर जोडा, आवक शिक्क्याची प्रत घ्या आणि एक प्रत करनिर्धारण अधिकाऱ्यालाही द्या.

ही शेवटची प्रत महत्त्वाची. आयुक्त निर्णयाआधी करनिर्धारण अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात. त्यात ‘करदात्याने नोटिशींना उत्तर दिलं नाही’ एवढं एक वाक्य आलं की तिसरी अट गेली. म्हणून प्रत्येक नोटिशीच्या उत्तराची पोर्टलवरची पोचपावती मूळ अर्जासोबतच लावा. एखाद्या नोटिशीला खरोखरच उत्तर दिलं नसेल तर ती कधीची आणि तेव्हा तुम्ही कुठे होता, हे आपणहून लिहा.

अर्ज ज्या महिन्यात पोचला तो महिना संपल्यापासून १२ महिन्यांत निर्णय द्यावाच लागतो आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही. सुनावणीची सूचना ई-मेलवर येते, तेव्हा पोर्टलवरचा ई-मेल आणि मोबाइल चालू आहे ना ते आजच बघा. नकार आला तर त्यावर नेहमीचं अपील नाही, उच्च न्यायालयात रिट याचिकाच करावी लागते. व्याज आधीच भरलं असलं तरी अर्ज करता येतो, कारण कलमात ‘भरलेलं किंवा भरायचं’ असे दोन्ही शब्द आहेत.

प्रश्न : आम्ही अपील केलं, २० टक्के भरून वसुलीला स्थगितीही मिळवली. तरी स्थगितीच्या काळाचं व्याज लावलं. हे बेकायदा नाही का? (सोलापूर)

नाही. स्थगिती वसुलीला असते, व्याज चालूच राहतं. हप्ते बांधून दिले तरी तसंच. अपिलात कर कमी झाला तर त्या प्रमाणात व्याजही कमी होतं आणि जास्तीचं परत मिळतं. पण अपील हरलात तर पहिल्या दिवसापासूनचा दरमहा १ टक्का अंगावर येतो. अपिलाची बाजू कच्ची वाटत असेल तर पैसे हाताशी असताना उरलेली रक्कमही भरून टाकावी आणि अपील चालू ठेवावं, असं आमचं मत आहे. भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही.

प्रश्न : मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका, सातारा. पेन्शन आणि बँकेतल्या ठेवींचं व्याज एवढंच उत्पन्न. या वर्षी कलम २३४बी आणि २३४सी खाली ७,३०० रुपये लावले आहेत. माफीचा अर्ज कसा करू?

माफीचा अर्ज करू नका. कलम २०७ नुसार, भारतात निवासी असलेल्या आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीला आगाऊ कर भरावाच लागत नाही. २३४बी आणि २३४सी ही आगाऊ कराचीच व्याजं आहेत. जो कर भरायचाच नव्हता तो उशिरा भरला म्हणून व्याज कसं लागेल? पॅनवरची जन्मतारीख बरोबर आहे का ते बघा. विवरणपत्रात निवासी दर्जा चुकून वेगळा पडला आहे का आणि व्यवसायाच्या रकान्यात काही गेलं आहे का, तेही बघा. शेअर बाजारातले वायदे व्यवहार (एफ अँड ओ) केले असतील तर ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं आणि ही सूट जाते. तसं काही नसेल तर पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती टाका.

एक लक्षात असू द्या: ही सूट आगाऊ करापुरती आहे. विवरणपत्र मुदतीनंतर भरलं आणि कर बाकी असेल तर २३४ए चं व्याज तुम्हालाही लागेल. पण विवरणपत्राला उशीर होणार असं दिसलं तर निदान कर मुदतीत भरून टाका. मुदतीआधी भरलेल्या करावर २३४ए लागत नाही. प्रणय रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तसं सांगितलं आणि मंडळानेही २०१५ च्या परिपत्रकाने ते मान्य केलं.

प्रश्न : ठाण्यातला फ्लॅट मी फेब्रुवारीत विकला. भांडवली नफ्यावरचा उरलेला ५,२५,००० रुपये कर २८ जूनला भरून विवरणपत्र दिलं. व्याज लावलं ते ठीक, पण २३४सी थेट १५ जूनच्या हप्त्यापासून लावलं आहे. फेब्रुवारीत विकणार हे मला आदल्या जूनमध्ये कसं ठाऊक असणार?

तुमची तक्रार रास्त आहे आणि दोष बहुधा विवरणपत्रातल्या एका छोट्या तक्त्याचा आहे. भांडवली नफ्याच्या परिशिष्टात शेवटी ‘नफा कधी झाला’ असा तक्ता असतो. त्यात १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च आणि १६ ते ३१ मार्च असे पाच रकाने आहेत. घाईत पूर्ण रक्कम पहिल्या रकान्यात टाकली जाते. मग संगणक धरून चालतो की नफा १५ जूनआधीच झाला होता. त्या दिवशी १५ टक्के, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५ आणि १५ मार्चला १०० टक्के कर यायला हवा होता, या हिशेबाने तो चारही हप्त्यांचं व्याज लावतो. तुमची रक्कम चौथ्या रकान्यात हवी. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर ते भरा, नसेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागा. सोबत खरेदीखताची नोंदणीची तारीख द्या.

२३४बी मात्र राहील. ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर जमा नव्हता, म्हणून एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा १ टक्का, म्हणजे ५,२५,००० वर १५,७५० रुपये. हे व्याज ‘मला माहीत नव्हतं’ या कारणावर माफ होत नाही. २३४ए, बी, सी ही व्याजं सक्तीची आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने घासवाला प्रकरणात २००१ मध्ये सांगितलं आहे. पुढच्या वेळी घर, जमीन किंवा शेअर मार्चच्या अखेरीस विकले तरी ३१ मार्चच्या आत कर भरा, म्हणजे बी आणि सी दोन्ही टळतील.

प्रश्न : वडिलांचं अचानक निधन झालं. त्यांच्या धंद्याच्या वह्या आणि संगणकाचे पासवर्ड त्यांच्याजवळच होते. सगळं जुळवून त्यांचं विवरणपत्र मी आठ महिने उशिरा भरलं, करही भरला. २३४ए चं व्याज सक्तीचं असेल तर काहीच उपाय नाही का? (नागपूर)

आहे, पण दार अरुंद आहे. मंडळाने कलम ११९(२)(ए) खाली २६ जून २००६ ला काढलेल्या आदेशात मोजक्या प्रसंगी २३४ए, बी, सी चं व्याज माफ करण्याचा अधिकार मुख्य आयुक्त आणि महासंचालकांना दिला आहे. छाप्यात वह्या जप्त झाल्यामुळे विवरणपत्र अडलं, जप्त केलेली रोकड आगाऊ करात वळती करू दिली नाही, उच्च न्यायालयाच्या निकालानुसार करपात्र नसलेलं उत्पन्न नंतर पूर्वलक्षी दुरुस्तीने किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने करपात्र ठरलं, असे ते प्रसंग आहेत. त्यातलाच एक तुमचा: अटळ कारणाने विवरणपत्र राहिलं आणि अधिकाऱ्याच्या लक्षात येण्याआधी ते आपणहून भरलं.

‘आपणहून’ या शब्दावर निकाल फिरतो. विवरणपत्र भरण्याची तारीख विभागाच्या पहिल्या नोटिशीच्या आधीची असेल तर अर्ज करा. नंतरची असेल तर या आदेशाचा उपयोग नाही. मूळ कर पूर्ण भरलेला हवा, बाकी फक्त ज्याची माफी मागता ते व्याज. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी झालेली हवी आणि अर्ज वारस या नात्यानेच करावा. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा तर लागतोच. शिवाय वह्या केव्हा, कोणाकडून मिळाल्या, बँकेने खात्याची विवरणं कोणत्या तारखेला दिली, याची पत्रं जोडा. आठ महिने का लागले हे त्या तारखांवरूनच कळतं.

प्रश्न : करनिर्धारणात माझ्या उत्पन्नात ३ लाख वाढवले. आदेश १२ मार्चला मिळाला, सोबत कलम २७०ए ची दंडाची नोटीस. कर मला मान्य आहे. सीए म्हणतात ‘फॉर्म ६८ भरा’. त्याने दंड नक्की टळतो का? (नाशिक)

वेळ पाळलीत तर टळतो, आणि आमच्या मते व्याज-दंडाच्या सगळ्या सवलतींत ही सर्वांत खात्रीची. कारण इथे अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा फार थोडी. फॉर्म ६८ म्हणजे कलम २७०एए खाली सूट मागण्याचा अर्ज. त्या कलमाच्या अटी पुऱ्या असतील तर दंडातून आणि खटल्यातून सूट द्यावीच लागते.

अडचण होते ती दोन निरनिराळ्या मुदतींमुळे. फॉर्म ६८ साठी, आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिना मिळतो, म्हणजे तुम्हाला ३० एप्रिलपर्यंत. पण कर आणि व्याज मात्र मागणी नोटिशीतल्या मुदतीत, म्हणजे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत भरायचं. तुमची तारीख ११ एप्रिल. ‘३० एप्रिलला दोन्ही एकदम करू’ म्हणणाऱ्यांचा अर्ज इथेच पडतो. मागणीत काही शे रुपयांचं व्याज निराळ्या ओळीत असतं, तेही सुटता कामा नये. दुसरी अट, त्या आदेशावर अपील करायचं नाही. अर्ज नामंजूर झाला तर अर्जाच्या तारखेपासून नकार हाती पडेपर्यंतचा काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, त्यामुळे तो रस्ता बंद होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: दंडाची नोटीस ‘कमी दाखवलेलं उत्पन्न’ म्हणते की ‘चुकीचं दाखवलेलं उत्पन्न’? पहिल्याला करावर ५० टक्के दंड, दुसऱ्याला २०० टक्के, आणि दुसऱ्याला फॉर्म ६८ चालत नाही. तुमच्या ३ लाखांवर ३० टक्के दराने उपकर धरून ९३,६०० रुपये कर झाला, तर दंड एकीकडे ४६,८०० आणि दुसरीकडे १,८७,२०० रुपये. चुकीच्या माहितीचे प्रकार कलम २७०ए(९) मध्ये सहा दिले आहेत: माहिती दडवणं, खोटी नोंद, पुराव्याविना खर्च दाखवणं वगैरे. नोटिशीत यातला कोणता ते लिहिलेलं नसेल तर नुसता शब्द वापरून सूट नाकारता येत नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा श्नायडर इलेक्ट्रिक प्रकरणातला २०२२ चा निकाल आहे. अर्जासोबत तो लावा. १ एप्रिल २०२५ पासून अधिकाऱ्याला निर्णयासाठी तीन महिने मिळतात.

प्रश्न : फॉर्म ६८ ची मुदत गेली. आता कलम २७३ए खाली आयुक्तांकडे जाता येईल का? (जळगाव)

येईल, पण त्यातली दोन पोटकलमं नीट ओळखा. २७३ए(१) हे विभागाला कळण्याआधीच स्वतःहून, प्रामाणिकपणे पूर्ण उत्पन्न जाहीर करणाऱ्यासाठी आहे. अधिकाऱ्याने शोधून काढल्यावर ते लागू होत नाही. शिवाय एकदा याखाली सवलत घेतली की पुढे कोणत्याही वर्षासाठी या कलमातली कोणतीही सवलत पुन्हा मिळत नाही. दहा-पंधरा हजारांच्या दंडासाठी हा एकुलता एक हक्क खर्च करू नये.

२७३ए(४) हे खऱ्या अडचणीसाठी. त्यात अडचण आणि सहकार्य अशा दोनच अटी आहेत. दंड एक लाखाहून जास्त असेल तर आयुक्तांना वरिष्ठांची पूर्वसंमती घ्यावी लागते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. निर्णयाची मुदत इथेही महिनाअखेरपासून १२ महिने. ध्यानात घ्या, हे कलम दंडासाठी आहे, व्याजासाठी नाही. दोन्हींसाठी एकच अर्ज केलात तर तो दोन टेबलांमध्ये अडकतो.

आणि दंड अजून लागलाच नसेल, फक्त कारणे दाखवा नोटीस आली असेल, तर आयुक्तांकडे धावू नका. उदाहरणार्थ लेखापरीक्षण अहवालाला उशीर झाला म्हणून २७१बी खाली दंड असतो: उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतला कमी. २ कोटी १० लाखांच्या उलाढालीवर १,०५,००० रुपये. तिथे कलम २७३बी नुसार ‘वाजवी कारण’ दाखवलं तर दंड लागतच नाही. ते करनिर्धारण अधिकाऱ्यालाच, नोटिशीच्या मुदतीत दाखवायचं असतं.

प्रश्न : सोसायटीने कंत्राटदाराचा ३,२०० रुपये टीडीएस वेळेत भरला, पण तिमाही विवरणपत्र ९० दिवस उशिरा गेलं. रोज २०० प्रमाणे १८,००० रुपये भरायचे का? (डोंबिवली)

नाही, ३,२०० रुपयेच. २३४ई चं विलंब शुल्क टीडीएसच्या रकमेहून जास्त होऊ शकत नाही. मात्र ते माफ करण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला नाही, तेव्हा भरून मोकळे व्हा. फ्लॅट घेताना एक टक्का टीडीएस कापणाऱ्यांना फॉर्म २६क्यूबी च्या उशिराबद्दल हेच शुल्क लागतं आणि तिथे रक्कम मोठी असल्याने ते चांगलंच झोंबतं. ६२ लाखांच्या फ्लॅटवर १५० दिवसांचा उशीर म्हणजे ३०,००० रुपये.

प्रश्न : जीएसटीचं ३बी विवरणपत्र ४० दिवस उशिरा भरलं. विक्रीवरचा कर १,२०,०००, क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) ९५,०००, रोख भरले २५,०००. व्याज माफ करून घेता येईल? (कोल्हापूर, वार्षिक उलाढाल ९० लाख)

जीएसटीत अडचण सांगून व्याज माफ करून घेण्याचं दार नाही. सरकारच अधिसूचना काढून सवलत देतं. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या कलम ७३ च्या (फसवणुकीचा आरोप नसलेल्या) मागण्यांसाठी कलम १२८ए ची योजना होती. तिच्यात कर भरायची मुदत ३१ मार्च २०२५ ला आणि अर्जाची ३० जून २०२५ ला संपली.

पण तुमचं व्याज १,२०,००० वर काढलं असेल तर ते चूक आहे. विवरणपत्र फक्त उशिरा भरलं असेल तर रोख भरलेल्या भागावरच १८ टक्के लागतात, आणि ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू आहे. २५,००० वर ४० दिवसांचे ४९३ रुपये होतात. १,२०,००० वर धरले तर २,३६७. विलंब शुल्क रोजचे ५० रुपये (केंद्राचे २५, राज्याचे २५) आणि दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीला कमाल २,०००. तुमचं नेमकं तेवढंच होतं. पुढे कितीही उशीर झाला तरी त्या विवरणपत्राचं शुल्क वाढणार नाही.

प्रश्न : घरपट्टीची २०,००० थकबाकी आहे. अभय योजना येईपर्यंत थांबावं का?

थांबू नये. महापालिकेची शास्ती दरमहा २ टक्के, म्हणजे महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये. योजना कधी येईल, शास्तीत किती सूट देईल आणि तुमचा मिळकतीचा प्रकार त्यात बसेल का, यातलं काहीच आज ठरलेलं नसतं. शिवाय अशा योजनेत मूळ थकबाकी साधारणपणे एकरकमी भरावी लागते, तेव्हा पैसे साठवणं टळत नाहीच. योजना जाहीर झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शेवटच्या दिवसाआधी आठवडाभर तरी भरा आणि शास्ती वजा झालेलं बिल छापून ठेवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. फेडरल रिटर्न चार महिने उशिरा गेलं, आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) उशिराचा दंड आणि व्याज लावलं. भारतासारखा इथे आयुक्तांकडे अर्ज असतो का?

तिथली पद्धत पुष्कळ सोपी आहे. आधीच्या तीन करवर्षांत तुम्हाला असा दंड लागलेला नसेल, देय रिटर्न सगळी भरलेली असतील आणि कर भरला असेल किंवा हप्ते बांधून घेतले असतील, तर ‘फर्स्ट टाइम अबेटमेंट’ म्हणजे पहिल्या वेळची दंडमाफी मिळू शकते. त्यासाठी आजारपणाचे पुरावे लागत नाहीत. नोटिशीवरच्या नंबरला फोन करून मागता येतं, लेखी मागायचं तर फॉर्म ८४३. रिटर्न उशिरा भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, कमाल २५ टक्के, तर कर उशिरा भरल्याचा महिन्याला अर्धा टक्का. हा दुसरा दंड कर पूर्ण फिटेपर्यंत वाढतच असतो, म्हणून त्याची माफी मूळ कर भरून झाल्यावर मागा. आधी मागितली तर नंतर वाढलेली रक्कम राहून जाते.

कराच्या रकमेवरचं व्याज मात्र वाजवी कारण सांगूनही सुटत नाही. आयआरएसच्याच चुकीने उशीर झाला असेल असे थोडे अपवाद आहेत. दंड रद्द झाला की त्या दंडावर चढलेलं व्याज आपोआप जातं. आगाऊ हप्ते कमी भरल्याचा दंड या सवलतीत बसत नाही. भारतातल्या बँक खात्यांची एफबार माहिती (परदेशी खात्यांची अमेरिकी सरकारला द्यावी लागणारी माहिती) राहिली असेल तर तिचा दंडही यात येत नाही, त्यासाठी स्वतंत्र सल्ला घ्या आणि तोही नोटीस येण्याआधी.